कॅमेरा कोणाच्या हातीं?



आपल्या मराठी मुलखांतील चित्रपटाची कथा एका वाटाण्यापासून सुरू होते, हें तुम्हांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपला चित्रपट १९१३ सालीं मुंबईंत लोकांपुढें आणला. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं एक अगदीं लहानसें चित्र तयार केलें होतें. कुंडींत वाटाणा पेरावयाचा, तिच्यापुढें कॅमेरा ठेवावयाचा, दिवसामागून दिवस थोडी थोडी फीत टिपावयाची, आणि रोप वर येऊन वाढेपर्यंत हा नेम मोडावयाचा नाहीं. ती फीत पडद्यावर धांवूं लागली म्हणजे पाहणारास वाटे कीं, दाणा आपल्या डोळ्यांदेखत फुटत आहे व अंकुर मान वर काढीत आहे. हें चित्र दाखवूनच फाळके यांनीं पैसे लावणाऱ्याची खात्री पटविली.

या लहानशा गोष्टींत चित्रपटाचें एक मोठें सामर्थ्य दिसून येतें. जो बदल इतका सावकाश होतो कीं, आपल्या नजरेस तो बदल म्हणून दिसतच नाहीं, तो कॅमेरा दाखवूं शकतो. पण त्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हें काम कुंडीशेजारीं राहणाराच करूं शकला. एका दिवसापुरता पाहुणा आला असता, तर त्याला मातीनें भरलेली कुंडी तेवढी दिसली असती.

रान, नदी, तळें यांची गोष्ट याहून निराळी नाहीं. झरा कोणत्या महिन्यांत आटूं लागला, कोणत्या झाडावर पूर्वीं येणारीं पाखरें आतां येईनाशीं झालीं, कोणत्या डोहांतून मासे नाहींसे झाले, हें तेथें जन्मलेल्या माणसासच प्रथम कळतें. असें असूनहि आदिवासींविषयींचे व त्यांच्या रानांविषयींचे बहुतेक चित्रपट दीर्घ काळपर्यंत बाहेरच्यांनींच काढले. पाहुण्यानें यावें, थोडे दिवस राहावें, नृत्याचें व पिसांच्या मुकुटाचें चित्र घेऊन जावें. आणि ज्यांचें चित्र घेतलें, त्यांना तें बहुधा पुन्हां कधीं दिसूं नये. हा क्रम उलटा करून आदिवासी तरुणांसच ही विद्या शिकविण्याचे प्रयत्न जगांत कांहीं ठिकाणीं झाले आहेत. त्यांपैकीं तिहींचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे. एक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे व दोन ब्राझील देशांतील आहेत.

ॲरिझोना संस्थानांत पाइन स्प्रिंग्ज नांवाची नाव्हाहो लोकांची वस्ती आहे. १९६६ च्या उन्हाळ्यांत सोल वर्थ व जॉन अडेर हे दोन अध्यापक तेथें गेले. वर्थ हे चित्रपटविद्या शिकविणारे, तर अडेर हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक. नाव्हाहो लोकांत त्यांचा पूर्वींपासून वावर होता. वस्तींतील कांहीं तरुण स्त्रीपुरुषांस कॅमेरा शिकवावा व ते आपल्या जगाचें चित्र कसें घेतात तें पाहावें, असा दोघांचा बेत होता. त्याविषयीं सॅम याझी नांवाच्या एका वृद्ध, मानलेल्या वैद्याची संमति असावी म्हणून ते त्याच्या घरीं गेले. म्हाताऱ्यानें सर्व ऐकून घेतलें व विचारलें कीं, या चित्रांनीं मेंढ्यांना कांहीं अपाय होईल काय? वर्थ यांनीं सांगितलें कीं, मुळींच नाहीं. मग त्यानें विचारलें कीं, मेंढ्यांचें कांहीं भलें होईल काय? तसा संभव दिसत नाहीं, असें वर्थ यांस कबूल करावें लागलें. त्यावर म्हाताऱ्याचा तिसरा प्रश्न आला, कीं मग हीं चित्रें काढावयाचीं कशाला?

हा प्रसंग ऐकून पुष्कळांस हंसूं येतें. मला तर त्यांत हंसण्यासारखें थोडें व विचार करण्यासारखें फार आहे असें वाटतें. नाव्हाहोंचें अन्न, वस्त्र व प्रतिष्ठा हीं सर्व मेंढ्यांवर अवलंबून असत. आणि १९३० नंतरच्या दशकांत, कुरणांची धूप होते या कारणास्तव, सरकारनें त्यांच्या मेंढ्या व शेळ्या लाखोंच्या संख्येनें कमी करविल्या होत्या. कित्येक ठिकाणीं तर जागच्या जागीं मारून टाकविल्या होत्या. जमिनीच्या कल्याणाची भाषा बोलत बाहेरून आलेला मनुष्य काय करून जातो, हें त्या पिढीनें स्वतः पाहिलें होतें. म्हाताऱ्याचा प्रश्न हिशेबाचा होता, आणि तो आपणहि या लेखांत शेवटपर्यंत हातीं ठेवूं.

वर्थ व अडेर यांनीं शिकवितांना स्वतःवर एक बंधन घालून घेतलें. कॅमेऱ्यांत फीत कशी भरावी, प्रकाश कसा मोजावा, टिपलेले तुकडे कसे जोडावे, एवढेंच सांगावयाचें. काय टिपावें, कोठें उभें राहून टिपावें व कोणत्या क्रमानें लावावें, याविषयीं आपण होऊन चकार शब्द काढावयाचा नाहीं. वाचावयास हें सोपें वाटतें. ज्यानें कधीं शिकविलें आहे, त्याला तें किती अवघड आहे हें कळेल. आम्हां शिक्षकांना एक खोड असते, व प्रस्तुत लेखक तिच्यापासून मुक्त नाहीं. मुलगा चित्र काढतांना अडखळला कीं, त्याच्या हातची पेन्सिल घेऊन ‘हें असें काढ’ म्हणत आपणच रेघ ओढावयाची. चित्र सुधारतें खरें. पण मग तें मुलाचें राहत नाहीं.

पाइन स्प्रिंग्जच्या विद्यार्थ्यांनीं जीं चित्रें आणलीं, त्यांनीं गुरुजींस प्रथम कोडेंच घातलें. सूझी बेनाली या तरुणीनें आपल्या विणकर आईचें चित्र घेतलें. विणकामाचें चित्र म्हटलें म्हणजे तुम्ही-आम्ही मागापुढें कॅमेरा ठेवूं. तिच्या चित्रांत मात्र लोंकर, रंगासाठीं वनस्पतींचा शोध, आणि चालणें, पुन्हां चालणें, आणखी चालणें. प्रत्यक्ष विणणें येतें तें बऱ्याच उशिरां. बाहेरच्या प्रेक्षकांस हें चालणें कंटाळवाणें होई. परंतु नाव्हाहोंच्या परंपरागत कथांतूनहि प्रवासास मोठें स्थान आहे हें ध्यानीं घेतलें, म्हणजे त्यांतील अर्थ उलगडूं लागतो: गालिचा मागावर सुरू होतच नाहीं, तो रानांत सुरू होतो, व रान आणि माग यांमधील वाट हाहि विणकामाचाच एक भाग आहे. माइक अँडरसन या विद्यार्थ्यानें एका जुन्या तळ्याचें चित्र घेतलें. पाणी जेथून येतें तेथून त्यानें आरंभ केला व सूर्य ज्या दिशेनें फिरतो त्या दिशेनें तो तळ्याभोंवतीं फिरत गेला. आपण प्रदक्षिणा घालतों तसाच. जॉनी नेल्सन यानें उथळ विहिरी बांधण्याच्या कामाचें चित्र घेतलें. लक्षांत घ्या कीं, पाण्यावर अगर कुरणांवर चित्र काढा असें यांपैकीं कोणासहि सांगितलेलें नव्हतें. विषय मोकळा सोडला, आणि पाणी व मेंढ्या आपोआप पडद्यावर आल्या.

या प्रयोगांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट याहूनहि लहान आहे. सूझीची आई आल्टा कान हिला इंग्रजी येत नव्हतें. कॅमेरा कसा चालवावा हें मुलीनें तिला आपल्या भाषेंत शिकविलें, आणि मग आईनेंहि एक चित्र घेतलें. विद्या शिष्येच्या हातीं खरोखर पडली आहे कीं नाहीं, याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाहीं.

तरी म्हाताऱ्याच्या प्रश्नास उत्तर मिळालें असें म्हणवत नाहीं. उन्हाळा सरला, अध्यापक आपापल्या विद्यापीठांत परतले, व १९७२ सालीं या प्रयोगावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्वानांच्या ज्ञानांत भर पडली. मेंढ्यांचा हिशेब बाकीच राहिला.

आतां दक्षिण अमेरिकेंत जाऊं. ब्राझीलमध्यें १९८६–८७ च्या सुमारास व्हिन्सेंट कारेली यांनीं ‘व्हिडिओ नास आल्देयास’, म्हणजे ‘खेड्यांतील व्हिडिओ’, या नांवाचें कार्य आरंभिलें. येथें फरक असा कीं, टिपलेलें चित्र त्याच ठिकाणीं लगेच दाखवितां येई. नांबिक्वारा लोकांनीं आपल्या एका मुलीच्या समारंभाचें चित्र त्याच गांवीं पाहिलें, तेव्हां आपण बाहेरच्यांचे कपडे चढवून समारंभ करतों हें त्यांच्या मुख्यास रुचलें नाहीं. त्यांनीं तो पुनः जुन्या पद्धतीनें, अंग रंगवून केला, आणि सुमारें वीस वर्षें बंद पडलेला ओठ व नाक टोंचण्याचा विधीहि तरुणांसाठीं पुन्हां सुरू केला. पडद्यानें आरशाचें काम केलें. पुढें एका जमातीचें चित्र दुसऱ्या जमातीस दाखविण्याची वहिवाट पडली, व शेंकडों कोसांवरील परक्या लोकांच्या रानांतहि आपल्यासारखींच संकटें शिरलीं आहेत, हें एकमेकांस कळूं लागलें.

परंतु तोंवर कॅमेरा बहुतांशीं कारेली व त्यांचे सोबती यांच्याच हातीं होता. १९९७ पासून आदिवासी तरुणांसाठीं शिक्षणवर्ग सुरू झाले. या वर्गांची रीत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. विद्यार्थ्यानें गांवांतील एक व्यक्ति निवडावयाची व तिच्या नित्याच्या कामांत तिच्या मागें राहावयाचें. शिक्षक चित्रीकरणाच्या जागीं जात नाहीं. तो गांवांत थांबतो. नंतर टिपलेलें सर्व चित्र एकत्र पाहावयाचें, आणि गांवांतील मंडळीहि तें पाहतात. तेथें शिक्षक आपलें काम करतो, व तें बहुतेक प्रश्न विचारण्याचें असतें. उदाहरणार्थ, म्हातारा घरांतून निघाला आणि एकदम नदीवर दिसूं लागला, तर मधली वाट कोठें गेली? जाळें टाकलेलें दिसलें, मग मासा कोणी खाल्ला? विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं पुन्हां बाहेर पडतो, आणि यावेळीं मधली वाट घेऊन येतो. चूक पुसून देणारा गुरु आणि चूक दिसेल अशी बैठक मांडून देणारा गुरु, या दोहोंतील अंतर येथें दिसतें.

या वर्गांतून तयार झालेल्यांपैकीं वाल्देते पिन्यांता हा अशानिंका जमातीचा तरुण आपल्या गांवचा शाळामास्तरच होता. २००१ सालीं त्यानें आपल्या हट्टी व गमत्या काकाच्या रोजच्या जीवनावर ‘शोमोत्सी’ हें चित्र काढलें. त्याचें गांव आपिउच्या. आक्रे प्रांतांत, आमोनिया नदीच्या कांठीं, पेरू देशाच्या सरहद्दीला लागून. १९८० नंतरच्या दशकांत लांकडाच्या व्यापाऱ्यांनीं या रानांत यंत्रें घालून महोगनी व देवदारासारखीं मोलाचीं झाडें तोडून नेलीं होतीं. १९९२ सालीं त्या भूमीच्या सीमा सरकारांतून ठरल्या. पण हातीं आलें तें जखमी रान. अशानिंकांनीं तेथें फळझाडें व रानचीं मूळचीं झाडें लावलीं, आणि नदींत पुनः कासवें वाढावींत म्हणून खटपट केली.

२००६ सालीं पिन्यांता घराण्यांतील तरुणांनीं याच विषयावर चित्र काढलें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘आम्ही झगडतों, पण फळेंहि खातों’ असा होतो, आणि तें नांव फार चपखल आहे. चित्राच्या एका बाजूस रोपें लावणें, नदी व रान पुन्हां भरतें करणें. दुसऱ्या बाजूस पेरूकडून सरहद्द ओलांडून घुसणाऱ्या लांकूडतोड्यांशीं झगडा. रानाच्या नाशावरील चित्रें पाहून आपण बहुधा हळहळतों व घरीं जातों. या चित्रांत नाश आहे, पण रान परत कसें उभें करावें याचें शिक्षणहि आहे, तेंहि रोप ज्यांनीं लावलें त्यांच्याच तोंडून. दुसऱ्या एखाद्या खेड्यांतील मुलगा तें पाहून उद्यां सकाळीं कांहीं करूं शकतो. मेंढ्यांचें भलें होईल काय, या प्रश्नास येथें पहिल्यानें होकारासारखें उत्तर ऐकूं येतें.

तिसरी हकीकत ब्राझीलच्याच रोंडोनिया प्रांतांतील आहे, व ती सुखाची नाहीं. तेथें उरु-एउ-वाउ-वाउ नांवाचे लोक राहतात. बाहेरच्या सरकाराशीं त्यांचा उघड संबंध १९८१ सालीं आला, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांतच बाहेरच्या रोगांनीं त्यांच्यापैकीं फार मोठा भाग दगावला. त्यांची भूमि अठरा लाख हेक्टरांहून अधिक आहे, व त्यांची संख्या हा चित्रपट निघाला त्या वेळीं दोनशेंच्याहि आंत होती. भोंवतालचें रान तोडून कुरणें झालीं आहेत. वरून पाहिल्यास त्यांचा मुलूख पिवळ्या मैदानांत उरलेल्या हिरव्या बेटासारखा दिसतो.

या लोकांतील बिताते हा तरुण विशीच्या आंतबाहेर असतांनाच त्यांच्या संघाचा मुख्य झाला. त्याच्यामागें नेइदिन्या बांदेइरा ही प्रौढ बाई उभी होती. पोर्तो व्हेल्यो शहरांतील कानिंदे या संस्थेच्या द्वारें तिनें अनेक वर्षें या लोकांच्या रक्षणाचें काम केलें आहे, व ती बितातेस मुलासारखा मानते. २०१९ च्या अखेरीस गस्त घालणारे तरुण कॅमेरा लावलेलें लहान विमान, ज्यास ड्रोन म्हणतात, तें चालवावयास शिकले. पायीं ज्या तोडीपर्यंत पोंचावयास कित्येक दिवस लागत, ती आतां वरून दिसूं लागली. ज्या दिवशीं झाडें पडलीं तो दिवस, ती जागा, हीं सर्व चित्रांत नोंदलीं जाऊं लागलीं. तक्रारीच्या अर्जास चित्राची जोड मिळाली.

अ‍ॅलेक्स प्रिट्झ नांवाचा अमेरिकन दिग्दर्शक याच सुमारास या लोकांवर चित्रपट काढीत होता. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीची रोगांनीं काय दशा केली, हें बितातेस ठाऊक होतें. त्यानें आपल्या मुलखाच्या वाटा बंद केल्या व चित्रपटवाल्यांसहि आंत येण्यास मनाई केली. येथें पुष्कळ चित्रपट थांबले असते. या मंडळींनीं कॅमेरे व ध्वनिमुद्रणाचीं साधनें निर्जंतुक करून, वेष्टनांत बांधून, गांवाच्या बाहेर ठेवून दिलीं. शिकवणी दुरून झाली. त्यापुढील चित्रण तांगाइ व त्याचे सोबती यांनीं स्वतः केलें. गस्तीचे लोक रानांत घुसलेल्यांस पकडतात तो प्रसंग त्यांनींच टिपला. कोणाहि पाहुण्यास तो टिपतां आला नसता.

एक बाब मात्र निःपक्षपणें सांगितली पाहिजे. ज्या गरीब शेतकऱ्यांना त्या रानांत जमिनीचे तुकडे हवे होते, त्यांच्याहि घरीं जाऊन प्रिट्झ यांनीं त्यांचें म्हणणें चित्रित केलें. आपणांस अन्याय होत आहे असें त्या माणसांना मनापासून वाटत होतें. तेथें बिताते अगर तांगाइ कॅमेरा घेऊन गेले असते, तर जिवंत परतले असते किंवा नाहीं कोण जाणे. म्हणून सर्वच कॅमेरा आदिवासींच्या हातीं असावा, बाहेरच्याचें कांहीं काम नाहीं, असें म्हणणें मला एकांगी वाटतें. ज्याला जेथवर पोंचतां येतें तेथवर त्यानें पोंचावें, आणि काय दाखवावयाचें तें दोघांनीं मिळून ठरवावें, हीच खरी भागी होय. या चित्रपटाच्या निर्मात्यांत उरु-एउ-वाउ-वाउंच्या संघाचें नांव आहे. इंग्रजींत ‘द टेरिटरी’, म्हणजे ‘मुलूख’, या नांवानें तो २०२२ च्या जानेवारींत अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत दाखविला गेला व तेथें त्यास प्रेक्षकांच्या पसंतीचें पारितोषिक मिळालें.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती पालकांनीं व शिक्षकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी. तरुणांच्या हातीं कॅमेरा देणें म्हणजे त्यांस साक्षीदार करणें होय, आणि साक्षीदाराचे शत्रु असतात. या गस्तींत आरी नांवाचा एक तेहतीस वर्षांचा मनुष्य होता. तोहि गांवचा शिक्षकच. घुसखोरांच्या हालचाली तो नोंदून ठेवी. एप्रिल २०२० मध्यें त्याचें प्रेत रस्त्याच्या कडेला सांपडलें. पुढच्या वर्षीं ग्लासगो येथील हवामानपरिषदेंत नेइदिन्या बाईंची कन्या चाय सुरुई ही तरुणी जगांतील राष्ट्रप्रमुखांसमोर बोलावयास उभी राहिली, तेव्हां तिनें आपल्या या बालमित्राच्या खुनाचा उल्लेख केला. अशा कामांत पडणाऱ्या गुरूनें भिंगाची माहिती देण्यापूर्वीं हें सांगितलें पाहिजे कीं, कोणतें चित्र कोणास दाखवावयाचें, कोणाचा चेहरा झांकावयाचा, गस्तीची वाट चित्रांत ओळखूं येते कीं काय, फितीची दुसरी प्रत कोठें ठेवावयाची. आणि एखाद्या शिष्यानें कॅमेरा खालीं ठेविला, तर त्यास भित्रा म्हणावयाचें नाहीं. हा धडा कोणत्याहि यंत्राच्या माहितीपुस्तकांत छापलेला नसतो.

आरीच्या मृत्यूनंतर गस्त थांबली नाहीं, व चित्रणहि थांबलें नाहीं. तांगाइनें कॅमेरा उचलला तो त्यानंतरच. २०२४ च्या एप्रिलांत, खुनास चार वर्षें होऊन गेल्यावर, रोंडोनियांतील न्यायालयानें एका इसमास त्या खुनाबद्दल दोषी ठरवून १८ वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.